मनोरुग्ण-परिचर्या: नाते, निरीक्षण आणि नोंद

मानसिक आजार झालेल्या माणसाची काळजी घेताना नर्सचे मुख्य साधन म्हणजे तिचे स्वतःचे वागणे-बोलणे. सर्जिकल वॉर्डात नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, जखमेचा स्राव मोजता येतो. मनोरुग्णांच्या वॉर्डात ज्यावर लक्ष ठेवायचे ते बहुतेक रुग्णाच्या बोलण्यात, चेहऱ्यावर, झोपेत आणि ताटात असते. मानसोपचारतज्ज्ञ राऊंडच्या वेळी काही मिनिटे रुग्णाजवळ थांबतात. बाकीचे तास रुग्ण सिस्टर-ब्रदरसमोर असतो. त्यामुळे त्याने रात्री काय केले, कोणाशी बोलला, गोळी खरोखर गिळली का, याची विश्वासार्ह माहिती नर्सकडेच असते आणि उपचारांचे अनेक निर्णय तिच्यावर ठरतात.

या शाखेला मनोरुग्ण-परिचर्या किंवा मानसिक आरोग्य परिचर्या म्हणतात. जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग या दोन्ही अभ्यासक्रमांत हा विषय सक्तीचा आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला मनोरुग्णालयात किंवा मानसोपचार विभागात पोस्टिंग करावे लागते. ही गरज मनोरुग्णालयाच्या भिंतीपुरती नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ही माणसे प्रसूतिगृहात, जळिताच्या वॉर्डात, प्राथमिक आरोग्य केंद्रात येत असतात, आणि त्यांची पहिली भेट बहुधा नर्सशीच होते.

साखळदंडापासून कायद्यापर्यंत

मनोरुग्णांना माणसासारखे वागवण्याच्या इतिहासात फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांचे नाव आधी घेतले जाते. पण पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात 1797 मध्ये रुग्णांच्या साखळ्या प्रत्यक्ष काढल्या त्या जाँ-बाप्तिस्त प्यूसाँ या वॉर्डाच्या व्यवस्थापकाने. प्यूसाँ डॉक्टर नव्हता. तो एकेकाळी त्याच रुग्णालयात उपचारासाठी आलेला होता. रुग्णाला मारहाण करायची नाही, असा नियम त्याने सेवकांना घालून दिला होता आणि बऱ्या होत आलेल्या रुग्णांना तो सेवक म्हणून कामावर घेत असे. पिनेल यांनी त्याच्याकडून पुष्कळ शिकल्याचे स्वतः मान्य केले.

पद्धतशीर प्रशिक्षणाला सुरुवात झाली ती 1882 मध्ये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅकलीन मनोरुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. तरी त्यानंतर कित्येक दशके नर्सचे काम राखण, आंघोळ, जेवण एवढ्यावरच थांबलेले होते. चित्र बदलले ते 1952 च्या सुमारास. त्या वर्षी क्लोरप्रोमाझिन हे औषध मानसोपचारात वापरले जाऊ लागले आणि वर्षानुवर्षे कोंडलेले रुग्ण बोलण्याच्या स्थितीत येऊ लागले. त्याच वर्षी हिल्डगार्ड पेप्लाव या अमेरिकी परिचारिकेचे नर्स आणि रुग्ण यांच्यातील नात्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तक 1948 मध्येच लिहून तयार होते. पण डॉक्टर सहलेखक नसलेले नर्सचे पुस्तक छापायला प्रकाशक तयार होईनात, म्हणून चार वर्षे गेली. आज जगभरच्या नर्सिंग अभ्यासक्रमात या विषयाचा पाया पेप्लाव यांच्या मांडणीवर उभा आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. राज्यातले अनेक नर्सिंग विद्यार्थी पोस्टिंगसाठी अशाच ठिकाणी येतात. भारतात साखळदंडाचा प्रश्न मात्र फार उशिरापर्यंत रेंगाळला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा होरपळून मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे 2017 चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा आला आणि 2018 पासून लागू झाला. रुग्णाला साखळीने बांधण्यावर त्याने पूर्ण बंदी घातली.

नात्याचे टप्पे

पेप्लाव यांनी नर्स-रुग्ण नात्याचे टप्पे सांगितले. आज शिकवताना ते साधारणपणे तीन धरतात: ओळखीचा, कामाचा आणि निरोपाचा. त्यांच्याही आधी पूर्वतयारी असते. केस पेपर वाचायचा, आणि आपल्या मनात या रुग्णाबद्दल काय आहे तेही तपासायचे. ‘वेडा माणूस अंगावर येतो’ ही भीती बहुतेक विद्यार्थ्यांना असते. ज्याच्या घरात दारूने उच्छाद मांडला असेल, त्याला व्यसनी रुग्णाचा राग येऊ शकतो. ही जाणीव आधी झालेली असली, तर तो राग रुग्णावर निघत नाही.

ओळखीच्या टप्प्यात विद्यार्थिनी आपले नाव, कामाची वेळ आणि मुदत स्पष्ट सांगते: “काका, मी स्टुडंट सिस्टर आहे. चार आठवडे रोज सकाळी दहाला अर्धा तास तुमच्याशी बोलायला येईन.” गोपनीयतेची मर्यादाही इथेच सांगायची असते. रुग्ण जे सांगेल ते उपचार करणाऱ्यांपुरतेच राहील. पण त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर ते वरिष्ठांना सांगावे लागेल. पहिले काही दिवस रुग्ण पारख करत असतो. तो मुद्दाम पाठ फिरवून झोपतो, वेळेवर येत नाही, मोबाईल नंबर मागतो. दहाची वेळ दिली की दहालाच जाणे, रुग्ण बोलला नाही तरी अर्धा तास शेजारी बसणे, आणि नंबर न देण्याचे कारण शांतपणे सांगणे यातून विश्वास तयार होतो. वयाने मोठ्या रुग्णाला काका, मावशी, आजी म्हणणे आणि प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणणे हाही या नात्याचाच भाग आहे. नावाऐवजी खाटेच्या नंबराने मारलेली हाक ते मोडू शकते.

कामाच्या टप्प्यात रुग्ण आपल्या अडचणी मांडू लागतो आणि नर्सच्या मदतीने त्या हाताळण्याचे नवे मार्ग करून पाहतो. निरोपाचा टप्पा खरे तर पहिल्याच दिवशी मुदत सांगितली तेव्हा सुरू झालेला असतो. शेवटच्या आठवड्यात काही रुग्ण चिडतात, काहींची लक्षणे वाढल्यासारखी वाटतात, काही भेटवस्तू देऊ करतात. अशा वेळी न सांगता पोस्टिंग संपवून निघून जाणे ही मोठी चूक ठरते. किती दिवस उरले ते सांगणे, या काळात काय साधले याची उजळणी करणे आणि पुढे मदत कोणाकडे मागायची ते ठरवणे, ही निरोपाची कामे आहेत.

या नात्याला काठ असतात. पैशांची देवघेव, समाजमाध्यमांवरची मैत्री, स्वतःच्या घरच्या अडचणी रुग्णाला सांगणे त्यात बसत नाही. कधी रुग्णाला नर्समध्ये आपली मुलगी किंवा जाच करणारी सासू दिसू लागते, तर कधी नर्सला रुग्णात आपला भाऊ दिसतो. दोन्ही गोष्टी घडणे स्वाभाविक आहे. त्या ओळखून वरिष्ठांशी बोलणे हा त्यावरचा मार्ग.

उपचार म्हणून बोलणे

या विषयात विद्यार्थ्याकडून ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहून घेतात. रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहायचे: एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात विद्यार्थी काय म्हणाला, तिसऱ्यात त्याचा परिणाम काय झाला. त्या तिसऱ्या रकान्यात बरेच काही उघड होते.

समजा, नैराश्याने आजारी असलेली एक बाई म्हणते, “माझं काही खरं नाही आता.” विद्यार्थिनीच्या तोंडून चटकन निघते, “असं नका बोलू मावशी, सगळं ठीक होईल.” हेतू चांगला असतो, पण तिसऱ्या रकान्यात लिहावे लागते की रुग्णाने मान फिरवली आणि बोलणे थांबले. सगळे ठीक होईल, हे नर्सला ठाऊक नसते आणि रुग्णालाही ते कळते. “काही खरं नाही म्हणजे? जरा सांगाल का?” असे विचारले असते, तर पुढचे दार उघडे राहिले असते. कदाचित ती कर्जाबद्दल बोलली असती, कदाचित जीव नकोसा झाल्याबद्दल.

उपचारक संवादाची तंत्रे साधी आहेत, पण सरावाने अंगवळणी पडतात. हो-नाहीत न संपणारे प्रश्न विचारणे; रुग्णाचे शेवटचे शब्द त्याला परत ऐकवणे; त्याच्या बोलण्यामागची भावना नेमक्या शब्दांत मांडणे; गोंधळ झाला तर “हे आधी घडलं की नंतर?” असे विचारून क्रम लावून घेणे, आणि गप्प बसणे. नवख्या विद्यार्थ्याला गप्प बसणे सगळ्यांत जड जाते. नैराश्यात विचारांची गती मंदावलेली असते, उत्तर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळाला नाही तर रुग्ण बोलण्याचा नादच सोडतो.

टाळायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. “असं का केलंत?” हा प्रश्न जाब विचारल्यासारखा वाटतो, त्याऐवजी “त्या वेळी काय झालं?” हे बरे. “तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात” या वाक्याने रुग्णाच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते. सल्ला देण्याची घाई केली, तर रुग्णाची स्वतः विचार करण्याची संधी जाते.

भास होणाऱ्या रुग्णाशी बोलताना कसोटी लागते. रुग्ण विचारतो, “सिस्टर, तुम्हालाही ऐकू येतंय ना?” हो म्हटले तर आजाराला दुजोरा मिळतो, “काही आवाज नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत” म्हटले तर रुग्ण एकटा पडतो. योग्य उत्तर दोन्ही टोके टाळते: “मला आवाज येत नाहीये. पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला दिसतंय.” यानंतर आवाज काय सांगतात, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतात का, हे विचारावेच लागते. भ्रमाबाबतही तसेच. ‘मुलगा जेवणात विष कालवतो’ असे ठामपणे मानणाऱ्या माणसाशी वाद घातला, की तो आपली बाजू आणखी घट्ट धरतो. वाद न घालता त्याची भीती मान्य करावी, सगळ्यांसाठी ठेवलेल्या पातेल्यातून त्याला स्वतः वाढून घेऊ द्यावे, आणि बोलणे हळूहळू दिवसाच्या प्रत्यक्ष कामांकडे वळवावे.

पाहणे आणि लिहिणे

नर्सिंगची प्रक्रिया इथेही पाच पायऱ्यांचीच असते: माहिती गोळा करणे, परिचर्येच्या दृष्टीने निदान करणे, आराखडा आखणे, तो अमलात आणणे आणि परिणाम तपासणे. ‘स्किझोफ्रेनिया’ हे डॉक्टरांचे निदान. ‘आवाजांच्या भीतीमुळे झोप न लागणे’ किंवा ‘स्वच्छतेकडे दुर्लक्ष’ हे परिचर्येचे निदान, कारण त्यावर नर्स स्वतः काही करू शकते. उद्दिष्टही मोजता येईल असे हवे. ‘झोप सुधारावी’ यापेक्षा ‘पाच दिवसांत रात्री सलग पाच तास झोप’ असे लिहिले, तर ते साधले की नाही हे कोणालाही सांगता येते.

माहितीचा गाभा म्हणजे मनःस्थितीची तपासणी. रुग्णाचा पेहराव आणि वागणे, बोलण्याची गती, मनाचा भाव, विचारांचा ओघ आणि आशय, भास, भान, स्मरण, निर्णयक्षमता आणि आपण आजारी आहोत याची जाणीव, अशा क्रमाने ती होते. त्यातले काही भाग गप्पांच्या ओघात पाहता येतात. आंबा, खुर्ची, रुपया असे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले की नजीकच्या स्मरणाचा अंदाज येतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीचा अर्थ विचारला आणि “अंगण सरळ करून घ्यायला पाहिजे” असे उत्तर आले, तर रुग्ण शब्दशः अर्थापलीकडे जात नाही, अशी शंका येते. मात्र म्हण मुळात ऐकलेलीच नसेल किंवा रुग्णाची बोली वेगळी असेल, तर त्या उत्तरावरून काही ठरवता येत नाही. शंभरातून सात-सात वजा करण्याचा प्रश्न शाळेत न गेलेल्या आजींना विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगता येतात.

पार्श्वभूमीचे भान पुढेही लागते. जत्रेत, देवीच्या आरतीच्या वेळी एखाद्या बाईच्या अंगात येते, त्यानंतर ती पूर्ववत घरकामाला लागते आणि गावाला त्यात वावगे वाटत नाही. एवढ्यावरून तिला रुग्ण ठरवता येत नाही. उलट ‘बाहेरची बाधा’ म्हणून महिनोन्‌महिने अंगारे-धुपारे चाललेल्या तरुणाला प्रत्यक्षात स्किझोफ्रेनिया असू शकतो. अनेकजण मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगतात: छातीत धडधड, डोके जड, हातापायांना मुंग्या. तक्रार शारीरिक असली तरी ती खरीच असते. आधी शारीरिक कारण तपासून मग मनाकडे वळावे लागते.

नोंदीत मत न लिहिता पाहिलेले आणि ऐकलेले लिहायचे. ‘रुग्ण विचित्र वागतो, सहकार्य करत नाही’ या वाक्यातून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. याउलट अशी नोंद पाहा: ‘दुपारी 4 ते 4.20 खिडकीजवळ उभे. जवळ कोणी नसताना ओठ हलत होते, दोनदा वळून मागे पाहिले. विचारल्यावर म्हणाले, “ते शिव्या देतात.” कोणाला इजा करायला सांगतात का, यावर “नाही” म्हणाले. चहा घेतला, जेवण नाकारले.’ या चार ओळींवरून डॉक्टर औषधाचा डोस ठरवू शकतात, रात्रपाळीची सिस्टर कशावर लक्ष ठेवायचे ते ओळखते, आणि आठवड्याने ही नोंद ताडून सुधारणा झाली की नाही हे समजते.

नेहमी भेटणारे रुग्ण

तीव्र नैराश्यातला रुग्ण आंघोळ, जेवण, बोलणे सगळेच टाळतो. त्याला एका वेळी एकच छोटे काम सांगावे आणि ते झाल्यावर नुसती नोंद घ्यावी: “आज दाढी केलीत.” जास्त कौतुक त्याला खोटे वाटते. आत्महत्येचा विचार आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटते. धोका असेल तर वॉर्डातून इजा होऊ शकेल अशा वस्तू काढतात आणि धोक्याच्या प्रमाणात ठरावीक अंतराने किंवा अखंड नजर ठेवतात. उपचार सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त जपावे लागतात, कारण अंगात हुरूप आधी येतो आणि मनातली निराशा नंतर ओसरते. अचानक शांत, मोकळा झालेला किंवा आपल्या वस्तू वाटून टाकणारा रुग्ण ‘बरा झाला’ असे समजून नजर सैल करू नये.

उन्मादातला रुग्ण याच्या उलट टोकाला असतो. तो झोपत नाही, एका जागी बसत नाही, जेवायला त्याला फुरसत नसते. त्याला ताटावर बसवण्याचा हट्ट न धरता चालता-चालता खाता येईल असे द्यावे: केळे, लाडू, भाजी गुंडाळलेली पोळी, आणि वरचेवर पाणी. खोलीत गर्दी आणि गोंगाट कमी ठेवावा, उत्तरे थोडक्यात द्यावीत, आणि घातलेली मर्यादा सर्व शिफ्टमध्ये एकच असावी. सकाळच्या सिस्टरने नाकारलेली गोष्ट संध्याकाळच्या सिस्टरने दिली, की नियमच उरत नाही.

चिंतेच्या पेप्लाव यांनी चार पातळ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि घबराट. परीक्षेआधीची सौम्य चिंता शिकायला मदत करते. तीव्र पातळीवर मात्र माणसाला लांबलचक सूचना कळत नाहीत, आणि घबराटीत तो काहीच ऐकू शकत नाही. तेव्हा समजावण्यापेक्षा सोबत थांबणे, आवाज शांत ठेवणे आणि “माझ्याबरोबर सावकाश श्वास सोडा” अशी एकच छोटी सूचना देणे उपयोगी पडते. शिकवणे आणि चर्चा नंतर.

दारू अचानक सोडलेल्या रुग्णाकडे सर्वच वॉर्डांतल्या नर्सनी लक्ष द्यायला हवे, कारण तो अनेकदा पाय मोडला म्हणून किंवा पोट दुखते म्हणून दाखल झालेला असतो. शेवटच्या पेयानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भान हरपणे, किडे दिसणे, तीव्र अस्वस्थता सुरू झाली, तर ती जीवघेणी आणीबाणी असते. म्हणून प्रत्येक दाखल रुग्णाला शेवटची दारू कधी घेतली हे विचारावे. अशा रुग्णाला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन देतात, अन्यथा मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

औषधे देताना

गोळी हातात ठेवली म्हणजे औषध दिले, असे होत नाही. काही रुग्ण ती गालात दाबून ठेवतात. काही साठवतात, आणि त्यातून जिवाला धोका होऊ शकतो. पाणी पिऊन झाल्यावर तोंड उघडायला सांगणे यासाठीच असते. औषध जेवणात लपवून देण्याचा मोह घरच्यांना होतो. ते उघड झाले की औषधावरचा, जेवणावरचा आणि माणसांवरचा विश्वास एकदम उडतो.

भास-भ्रमावरच्या औषधांनी मान वाकडी होणे, डोळे वर चढणे, पाय सतत हलवावेसे वाटणे, शरीर ताठरणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. मान वाकडी झालेला रुग्ण नाटक करत नसतो. योग्य इंजेक्शनने तो थोड्या वेळात सुटतो. तीव्र ताप, अंगाचा कडकपणा आणि भान कमी होणे ही त्रयी दिसली, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना ताबडतोब कळवावे लागते. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तातडीने तपासतात. लिथियमची उपयुक्त आणि घातक मात्रा एकमेकींच्या अगदी जवळ असतात. रक्तातले प्रमाण साधारण 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात आणि शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त घेतात. उलट्या, जुलाब, हातांची जाड थरथर, झोकांड्या ही विषबाधेची चिन्हे आहेत. कडक उन्हाळ्यात किंवा उपासात पाणी आणि मीठ कमी पडले तरी हे प्रमाण वाढते. त्यामुळे निर्जळी उपास करू नये, हे घरी पाठवताना स्पष्ट सांगावे.

विद्युत उपचाराबद्दल लोकांच्या मनात सिनेमातून आलेली भीती असते. कायद्यानुसार तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करता येत नाही. संमतिपत्र, सुमारे सहा तास उपाशी ठेवणे, कवळी काढणे आणि लघवीला जाऊन येणे ही नर्सची आधीची तयारी. नंतर रुग्णाला कुशीवर ठेवून श्वासावर लक्ष ठेवायचे. तो जागा झाला की आपण कोण, कुठे आहोत, काय झाले हे सावकाश सांगायचे, कारण त्या वेळी थोडा गोंधळ आणि विसराळूपणा असतो.

राग, बंधन आणि हक्क

बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात. ज्यांचा तोल जातो त्यांच्यात आधी चिन्हे दिसतात: येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढता आवाज, टक लावून पाहणे. या टप्प्यावर एकाच व्यक्तीने बोलावे. दोन हात अंतर ठेवावे, आपली आणि रुग्णाची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी, आवाज खाली ठेवावा, इतर रुग्णांना बाजूला न्यावे. “तुम्हाला फार राग आलाय. इथे बसू या की बाहेर व्हरांड्यात?” असा पर्याय दिला की रुग्णाच्या हातात काहीतरी उरते आणि बऱ्याचदा प्रसंग तिथेच निवळतो.

बांधणे हा शेवटचा उपाय. 2017 च्या कायद्यानुसार लगेच घडू शकणारी इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तरच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळेसाठी शारीरिक बंधन वापरता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते वापरता येत नाही. त्याचे कारण, प्रकार आणि कालावधी नोंदवावा लागतो आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवावे लागते. बंधनात असलेल्या रुग्णाचे हातपाय थंड किंवा निळे पडले का, पाणी हवे का, लघवीला जायचे का, हे नर्सने थोड्या-थोड्या वेळाने पाहायचे असते. प्रसंग निवळल्यावर काय झाले याबद्दल त्याच्याशी बोलायचेही असते.

हाच कायदा रुग्णाला बारीकसारीक वाटणारे, पण माणूसपण जपणारे हक्क देतो. सक्तीने डोके भादरता येत नाही, गणवेश लादता येत नाही, मोबदल्याशिवाय काम करून घेता येत नाही. भविष्यात आपल्यावर कोणते उपचार करावेत वा करू नयेत याची पूर्वसूचना लिहून ठेवता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे कायदा गृहीत धरतो. तिच्याकडे आरोपी म्हणून पाहण्याऐवजी तिची काळजी घेण्याची जबाबदारी तो शासनावर टाकतो. अपघात विभागात अशा रुग्णाला टोमणे मारणारा कर्मचारी या तरतुदीच्या उद्देशालाच हरताळ फासतो.

घरी गेल्यानंतर

डिस्चार्जची तयारी दाखल झाल्यापासूनच करायची असते. रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि महिनाभरात औषध बंद झाले, ही परत दाखल होण्यामागची अगदी नेहमीची गोष्ट आहे. ‘आता बरं वाटतंय’, ‘गोळ्यांची सवय लागेल’, ‘लग्न जमवायचंय, गोळ्या दिसायला नकोत’ ही त्यामागची कारणे. त्यांवर नुसता उपदेश पुरत नाही. गोळीने वजन वाढते का, झोप जास्त येते का, पैसे पुरतात का, जिल्हा रुग्णालयात औषध मिळते का, हे विचारून वाट काढावी लागते.

घरच्यांनाही शिकवावे लागते. घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असेल, तर स्किझोफ्रेनिया उलटण्याची शक्यता वाढते, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. ‘आळशी झालाय, काम नको म्हणून नाटकं’ असे म्हणणाऱ्या वडिलांना आळस दिसतो ते आजाराचेच लक्षण आहे हे समजले, तर घरातला सूर बदलतो. रुग्ण परत आजारी पडू लागल्याची पहिली चिन्हे प्रत्येकाची वेगळी असतात. कोणाची झोप कमी होते, कोणी आंघोळ टाळतो, कोणी दार लावून बसतो. ती चिन्हे कुटुंबाबरोबर बसून कागदावर लिहून द्यावीत. काळजी घेणाऱ्यांनाही थकवा, लाज, अपराधीपणा येतो. त्यांच्यासाठी आधारगट लागतात. महाराष्ट्रात अशा गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत रुजली आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे मुक्तांगण केंद्र 1986 पासून रुग्णासोबत कुटुंबालाही उपचारात सामील करून घेत आले आहे.

गावपातळीवर हे काम जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून चालते. त्याची सुरुवात 1996 मध्ये झाली. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मोफत सेवा चालू आहे आणि ती भारतीय भाषांत बोलते. रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे व वेळा, पुढच्या तपासणीची तारीख, आजार उलटण्याची त्याची स्वतःची चिन्हे आणि मदतीचा हा क्रमांक, एवढे चार तपशील त्याला वाचता येतील अशा मराठीत लिहिलेले असावेत. रुग्णाकडून किंवा नातेवाईकाकडून ते एकदा म्हणून घेतले, म्हणजे त्या दाखल-काळातले नर्सचे काम पूर्ण होते.